पुरावा आणि साक्ष : कुटुंब-आधाराच्या कार्यक्रमांची एक समीक्षा

'पुराव्यावर आधारित कार्यक्रम' हा शब्दप्रयोग अलीकडे समाजकार्याच्या क्षेत्रात फार प्रतिष्ठा पावला आहे. गरोदर बाईच्या घरी द्यायच्या भेटी, तान्ह्या मुलाची देखभाल, आईबापांचे समुपदेशन, लहान मुलाशी खेळण्या-बोलण्याचे शिक्षण, असे जे काही वस्तीत करायचे ते आधी कुठेतरी मोजून सिद्ध झालेले असावे, असा आग्रह धरला जातो. हा आग्रह मुळातच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तीत हे कार्यक्रम राबवले जातात ती वस्ती बहुधा आपली असते आणि जे ते राबवतात ते बहुधा आपले नसतात. म्हणून या शब्दाची उलटतपासणी आपल्या नियतकालिकात व्हायला हवी. ती अद्याप पुरेशी झालेली नाही.

मराठीत पुरावा आणि साक्ष असे दोन शब्द आहेत. पुरावा सादर केला जातो, साक्ष दिली जाते. पुरावा कागदाचा असतो, आकड्याचा असतो, वस्तूचा असतो; साक्षीला मात्र माणूस लागतो. साक्षीदाराची उलटतपासणी होते हे खरे. पण त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून न्यायाधीशाला पुढे जाता येत नाही. कुटुंब-आधाराच्या कार्यक्रमांत दलित वस्तीकडून पुरावा घेतला जातो, साक्ष घेतली जात नाही. मुलांचे वजन घेतात, आईचे म्हणणे घेत नाहीत. हे कार्यक्रम सुरू होतात आणि पैसा संपला की वाळून जातात, याचे एक मोठे कारण मला इथे दिसते.

(१)

मी धरमपेठेत राहतो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की धरमपेठ ही शहराच्या पश्चिमेची जुनी पांढरपेशी वस्ती. बंगले, शिकवणी वर्ग, दवाखाने, ग्रंथालये, गोकुळपेठेचा बाजार. महानगरपालिकेचा एक झोनही याच नावाचा आहे. जवळच पांढराबोडीसारख्या झोपडवस्त्या आहेत. सकाळी तिकडच्या बाया इकडे येतात, धुणीभांडी करतात, स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात आणि परत जातात. या दोन वस्त्यांमधले अंतर पायी चालून संपते. पण कुटुंब-आधाराचा सगळा व्यवहार त्या अंतरावरच उभा आहे.

गेल्या वर्षी एका संस्थेने मला तिच्या प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठी तपासायला बोलावले. पालकत्वाची पुस्तिका होती. परदेशात सिद्ध झालेल्या कार्यक्रमाचे रूपांतर. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. मी साहित्याचा शिक्षक. मला पुस्तिका संहिता म्हणूनच वाचता येते. तशी ती वाचली तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती क्रियापदांची. आईने करावे, आईने टाळावे, आईने लक्षात ठेवावे. सर्व क्रियापदे आईच्या माथी. मालकाने करावे, महापालिकेने द्यावे, कंत्राटदाराने टाळावे असे एकही वाक्य चौसष्ट पानांत नव्हते. मुलासाठी घरात शांत कोपरा राखावा, असे मात्र होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथला शांत कोपरा कोणता, हा प्रश्न भाषांतरकाराला पडला नाही. कारण भाषांतरकाराच्या घरी तो कोपरा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ही पुस्तिका जिला शिकवायची ती बाई दिवसभर धरमपेठेतले मूल सांभाळते. त्याला भरवते, त्याच्याशी बोलते, त्याला झोपवते. तेथे तिच्या हातावर एका सुशिक्षित कुटुंबाचा पूर्ण विश्वास असतो. संध्याकाळी तीच बाई आपल्या वस्तीत परतली की तिला मूल वाढवण्याचे ज्ञान नाही असे गृहीत धरून तिचा वर्ग घेतला जातो. सकाळचे ज्ञान संध्याकाळी कुठे गेले? ज्ञान गेलेले नाही, वेळ गेला आहे. तिचा वेळ दुसऱ्याच्या मुलाने विकत घेतला आहे आणि फार स्वस्तात घेतला आहे. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी मोलकरणींची संघटना उभी केली, ती सुट्टी, मजुरी आणि माणूस म्हणून वागणूक यांसाठी. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. कुटुंब-आधाराच्या दृष्टीने पाहिले तर मोलकरणीची साप्ताहिक सुट्टी हा तिच्या मुलासाठी कोणत्याही पुस्तिकेइतकाच महत्त्वाचा कार्यक्रम आहे. परंतु सुट्टीला कोणी 'हस्तक्षेप' म्हणत नाही.

(२)

आता आपल्या बाजूच्या मित्रांशी थोडे भांडावे लागेल. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हे मोजमाप, हे प्रयोग, हे सर्व संस्थावाल्यांचे थोतांड. व्यवस्था बदलल्याशिवाय काहीही होणार नाही. हा नकार ऐकायला जहाल वाटतो, पण तो आपल्या परंपरेतला नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, ती आकडे घेऊन दिली. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली स्त्री-कामगारांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे ही देशहिताची गोष्ट आहे आणि तिचा भार मालकानेही उचलला पाहिजे, अशी ती मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला आणि १९३० साली आपल्या मध्य प्रांतात झाला. व्यवस्था बदलण्याची भाषा आणि या महिन्यात या बाईला काय मिळेल याची भाषा, या दोन्ही त्यांच्याकडे एकाच वेळी होत्या.

मोजमापाने काय होऊ शकते याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांचा एक प्रयोग केला. ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूताने बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, त्याला ऊब द्यायची, आईला पाजायला मदत करायची, बाळाला जंतुदोष झाल्याची लक्षणे ओळखायची आणि कुटुंब तयार असेल तर घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. फारसे न शिकलेल्या खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ, असे म्हणणाऱ्यांना या आकड्यांनी गप्प केले. मोजले नसते तर हे ज्ञान पुन्हा एकदा अडाण्यांचे अडाणीपण ठरले असते. म्हणून मोजमापाला नकार देणे म्हणजे आपल्याच बायांच्या कर्तृत्वाचा दाखला फाडून टाकणे होय.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडचा अनुभवही तोच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले तेव्हा त्यांना प्रशिक्षित परिचारिका गावोगाव ठेवायच्या होत्या. ते जमेना. मग गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायांनाच त्यांनी आरोग्य-कार्यकर्त्या केले. त्यांत दलित बाया होत्या. ज्या बाईचा स्पर्श गावाला चालत नव्हता तिच्या हातून गाव औषध घेऊ लागले. या घटनेत औषधाइतकाच तो हातही महत्त्वाचा आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

(३)

मग मोजलेले सर्व काही सर्वत्र लागू पडते काय? येथे 'पुरावा' या शब्दाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे.

अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा येथे गरीब, तरुण, पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवण्याचा प्रयोग केला. त्याचे चांगले परिणाम वर्षानुवर्षे नोंदले गेले आणि जगभर त्याच्या नकला झाल्या. इंग्लंडने तोच कार्यक्रम उचलला. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आईचे धूम्रपान, बाळाचे वजन अशा प्रमुख गोष्टींत नेहमीच्या सेवेपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. कारण शोधायला फार लांब जायला नको. इंग्लंडमध्ये सुईण आणि घरभेटीची परिचारिका सरकारी आरोग्यसेवेतून प्रत्येकीला आधीच मिळत होती. जेथे काहीच नव्हते तेथे कार्यक्रमाने उजेड पडला. जेथे दिवा होता तेथे दुसऱ्या दिव्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा कार्यक्रमाचा पुरावा हा त्या कार्यक्रमाइतकाच भोवतालच्या अंधाराचाही पुरावा असतो.

जमैकाचा अनुभव आणखी बोलका आहे. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅग्रेगर यांनी १९८६ च्या सुमारास १२९ खुरटलेली मुले निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षे, आठवड्याला एक तास, वस्तीपातळीवरची आरोग्य-सेविका जाई आणि घरच्याच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आई-मुलाला खेळायला लावी. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. कोलंबियाने हाच कार्यक्रम ९६ नगरांत नेला. स्थानिक माताच भेटी देत होत्या. मुलांची समज सुधारली. पण कार्यक्रम थांबल्यानंतर दोन वर्षांनी पाहिले तर फरक उरला नव्हता. जमैकात टिकले आणि कोलंबियात विरले, याचा अर्थ पुस्तिका खोटी असा होत नाही. पुस्तिकेच्या बाहेर जे होते, म्हणजे भेट देणारीची तयारी, तिच्यावरची देखरेख, पुढची शाळा, त्या देशातली पुढची वाट, त्या गोष्टी पुस्तिकेबरोबर प्रवास करीत नाहीत, असा होतो.

गडचिरोलीचेही तसेच झाले. २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम 'आशा' कार्यकर्तीमार्फत देशभर नेण्यात आला. बाळंतपण दवाखान्यात झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात, बेचाळीस दिवसांत. सर्व भेटी पूर्ण झाल्या तर २५० रुपये. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूताच्या कामावर दर पंधरवड्याला जाणती देखरेख होती, चुका तिथल्या तिथे सुधारल्या जात आणि आजारी बाळाला घरीच इंजेक्शन देण्याचा अधिकार तिच्याकडे होता. देशभराच्या योजनेत भेटींचा तक्ता उतरला. तो अधिकार आणि ती देखरेख त्या प्रमाणात उतरली नाही. जे मोजायला सोपे ते पुढे गेले आणि जे माणसात होते ते मागे राहिले. नाव मात्र तेच राहिले.

(४)

आता साक्षीकडे वळू. बाळंतिणीच्या खोलीत काय घडते याविषयी मराठीत सर्वांत मोठी साक्ष कोणत्या अहवालात नाही, ती बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आहे. 'स्त्री' मासिकातून १९८२ साली ती क्रमशः आली आणि १९८६ साली तिचे पुस्तक झाले. बाळंत झालेल्या महार बाईच्या पोटात अन्न नसते, तिच्या अंगावर दूध कुठून येणार, घरात कोणाकडे मागायचे आणि मागितले तर काय ऐकावे लागते, हे सर्व त्यांनी आतून सांगितले आहे. गडचिरोलीचा अहवाल सांगतो की बाळ मेले आणि कसे वाचवता आले असते. बेबीताई सांगतात की त्या घरात अन्न का नव्हते. या दोन पुस्तकांची भेट आजवर कोणी घालून दिली नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात पहिले लागते, साहित्याच्या अभ्यासक्रमात दुसरे. विद्यार्थी एकाच इमारतीत बसून दोन वेगळ्या बाळंतिणींचा अभ्यास करतात. वास्तविक ती एकच बाई आहे.

दलित स्वकथनांना 'अनुभव' म्हणून गौरवायचे आणि 'पुरावा' म्हणून नाकारायचे, ही प्रस्थापित विद्वत्तेची जुनी खोड आहे. परंतु आपल्या साहित्याचीही एक खोड सांगितली पाहिजे. आपल्या कवितेतली आई राबते, उपाशी राहते, पोरांना शिकवते आणि मरते. तिच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. मात्र तिला आठवड्याची सुट्टी हवी होती का, बाळंतपणात भरपगारी रजा हवी होती का, नवऱ्याने मूल घेऊन बसावे असे तिला वाटत होते का, हे आपण तिला फारसे विचारले नाही. त्यागाची पूजा केली की त्यागाची गरज का पडली हा प्रश्न विचारावा लागत नाही. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार या स्त्रियांनी लिहायला घेतले तेव्हा घरातली मारहाण, घरातली वाटणी, घरातले मौन या गोष्टी कागदावर आल्या. कुटुंबाला आधार द्यायचा म्हणजे कुटुंबातल्या नेमक्या कोणाला, हा प्रश्न त्यांच्या लेखनाने उभा केला आहे. कोणत्याही कार्यक्रमाची पुस्तिका त्याचे उत्तर दिल्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

(५)

कार्यक्रम टिकतो तो राबवणाऱ्या बाईमुळे. तिला आपण काय देतो? 'मानधन'. हा शब्द नीट पाहा. मान आणि धन या दोहोंची बेरीज केली की वेतनापेक्षा काहीतरी मोठे हाती येईल असे वाटते. प्रत्यक्षात ज्याला वेतन द्यायचे नाही त्यालाच मानधन दिले जाते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी सेविका सहा वर्षांखालच्या मुलांचे पोषण, शिक्षण, वजने, लसीकरणाची आठवण, गृहभेटी आणि नोंदवह्या हे सर्व करते; तरी पन्नास वर्षे ती 'मानसेवी' राहिली. तिचे केंद्राकडून मिळणारे मानधन २०१८ साली ३००० वरून ४५०० रुपये झाले. बाकीची भर राज्ये आपापल्या मर्जीने घालतात. सेविका-मदतनिसांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्या वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचारी मानधनवाढ आणि निवृत्तिवेतनासाठी संपावर गेल्या. तो संप २०२४ च्या जानेवारीपर्यंत चालला. जगाने मान दिला, धनासाठी रस्त्यावर यावे लागले.

या व्यवस्थेकडे पाहिले की मला महार वतन आठवते. सरकारचे काम अष्टौप्रहर करायचे, सरकारचा हुकूम ऐकायचा, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले, त्यामागे हेच सूत्र होते : काम सरकारचे असेल तर पगारही सरकारनेच दिला पाहिजे. ही तुलना मी ताणणार नाही. वतन जन्माने येत होते, सेविकेची नेमणूक जन्माने होत नाही. वतनाचा तो कायदा मुंबई इलाख्याचा, आपल्याकडे व्यवस्थेचे रूप निराळे होते. परंतु ज्या कामाला समाज पवित्र म्हणतो त्याचे पैसे तो बुडवतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

आणि याच बाईकडून पुरावाही हवा असतो. २०२१ साली पोषणाच्या नोंदी भ्रमणध्वनीवरच्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आणि अ‍ॅप मराठीत नाही, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. मराठी मुलाचे वजन, मराठी सेविकेने घेतलेले, तिला न वाचता येणाऱ्या भाषेत भरायचे! पुरावा गोळा करणारीलाच जो पुरावा वाचता येत नाही तो कोणासाठी आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

(६)

जातीचा प्रश्न कोणत्याही पुस्तिकेत नसतो, पण तो प्रत्येक कार्यक्रमाच्या दारात उभा असतो. केंद्र कोणाच्या वस्तीत, शिजवणारी कोण, वाढणारी कोण? विदर्भाच्याच मातीतले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ साली पाच राज्यांतल्या ५३१ गावांची पाहणी मांडली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शाळेतला आहार सवर्ण वस्तीत शिजतो, दलित स्वयंपाकिणीला विरोध होतो, दलित मुलांना वेगळे बसवले जाते, हे त्यांनी गावागणिक मोजले. येथे पुरावा आणि साक्ष एकत्र आले, कारण काय मोजायचे हे मोजणाऱ्याला आपल्या जगण्यातून ठाऊक होते. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात एप्रिल २००४ मध्ये शालेय आहाराच्या स्वयंपाकी-मदतनिसांत दलितांना प्राधान्य देण्याचा आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दलित-आदिवासी वस्त्यांत अंगणवाड्यांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, स्थानिक महिला मंडळे आणि बचत गट हवेत, असेही त्याच आदेशात होते. तरी महाराष्ट्राची घरपोच आहाराची ६३०० कोटींची निविदा २०१९ साली न्यायालयालाच रद्द करावी लागली, कारण तिच्या अटी लहान बचत गटांना दाराबाहेर ठेवणाऱ्या होत्या. पोषणाचा पुरावा कितीही भक्कम असो. भांडे कोणाच्या हातात आहे यावर कार्यक्रमाचे आयुष्य ठरते.

(७)

आपल्याकडे याची परंपरा नव्हती असे नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी ओझी वाहून पोट भरणाऱ्या. एका मिशनरी बाईने त्यांना अक्षरओळख दिली, शिक्षिकेची नोकरीही दिली. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून बोंब झाली आणि ती गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्या घरोघर जाऊन आईबापांना समजावीत. एम्प्रेस मिलमधल्या अशाच एका मजूर कुटुंबातली मुलगी शिकली आणि पुढे तिने 'दोहरा अभिशाप' हे हिंदी आत्मकथन १९९९ साली लिहिले. त्या कौसल्या बैसंत्री. आजच्या परिभाषेत याला 'गृहभेटीचा कार्यक्रम' म्हणतील. त्याला कोणी मोजले नाही. पण त्याची साक्ष छापील आहे. त्याच जाईबाईंना आणि इतर दलित प्रतिनिधींना १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या कल्याणाची परिषद होती ती!

आणि २० जुलै १९४२. नागपुरात दलित वर्ग महिला परिषद, अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब उपस्थित. मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, नवऱ्याशी मैत्रिणीच्या आणि बरोबरीच्या नात्याने उभ्या राहा, हे त्यांनी बायांना सांगितले. त्याच मांडवात ठराव झाले ते काडीमोडाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाच्या बंदीचे, गिरणीतल्या बायांच्या रजेचे आणि निवृत्तिवेतनाचे, मुलींच्या वसतिगृहांचे, कायदेमंडळातल्या प्रतिनिधित्वाचे. घरात काय करावे आणि सरकारने काय द्यावे, हे एकाच दिवशी, एकाच मंचावर बोलले गेले. मी वाचलेल्या पुस्तिकेत पहिली बाजू होती, दुसरी नव्हती. आपल्या सभांत अलीकडे दुसरी बाजू असते, पहिली नसते. १९४२ च्या बायांनी जे जोडले होते ते आपण सर्वांनी मिळून तोडले आहे.

त्या परिषदेने जे उभे केले ते का टिकले नाही, हाही प्रश्न चुकवता येणार नाही. चळवळीने बायांना मोर्च्यात पुढे आणि समितीत मागे ठेवले. वस्तीवस्तीत बुद्धविहार झाले. तेथे वंदना होते, जयंतीची वर्गणी होते. तेथे दुपारी मोलकरणींची मुले सांभाळली जातात काय? सेविकेला भाड्याची अंधारी खोली मिळते तेव्हा विहाराचे दार उघडले जाते काय? काही ठिकाणी होत असेल. तो नियम झालेला नाही. नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ काढला आणि तो टिकला, कारण त्यामागे इमारत, देणगी, शिकलेल्या स्त्रियांचा वेळ आणि शहराची मान्यता उभी राहिली. जाईबाईंच्या मागे यांपैकी फारच थोडे होते. टिकाव हा चांगुलपणाचा प्रश्न नसतो, भांडवलाचा असतो; आणि समाजात भांडवलाची वाटणी जातीनुसार झालेली आहे.

म्हणून यापुढे कोणी 'पुराव्यावर आधारित' कार्यक्रम घेऊन वस्तीत आले तर त्यांना हाकलू नये. त्यांना बसवावे आणि चार प्रश्न विचारावेत. हा पुरावा कुठे मिळाला आणि तेथे आधीपासून काय उपलब्ध होते? घरी येणारी बाई आमच्यातली आहे काय, आणि तिला वेतन आहे की मानधन? पैसा संपल्यावर हे काम कोण चालवणार, हे आज कागदावर लिहून देता काय? आणि तुमच्या पुस्तिकेत आमच्या बायांची साक्ष कोणत्या पानावर आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे हुशार अधिकारी देऊ शकतील. चौथ्याचे उत्तर आपल्यालाच लिहावे लागेल. आपल्या लेखकांनी, शिक्षकांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी अंगणवाडी सेविका, आशा, मोलकरणी यांच्या साक्षी तारखांसह, रकमांसह, कामाच्या तासांसह नोंदवायला घ्याव्यात. स्वकथनाने आपल्याला दुःख सांगायला शिकवले. आता त्या दुःखाचा हिशेब मांडायला शिकले पाहिजे. असा हिशेब हाती असला तर वस्तीला कार्यक्रमाची वाट पाहावी लागणार नाही. कार्यक्रमालाच वस्तीपुढे येऊन जाब द्यावा लागेल.